घरात आणखी कुणाला खाजतंय का?

टर्रर्र… असा आवाज झाला आणि बाकांवर बसलेली सगळी पोरं एकदम खाजवायची थांबली.

धाकट्या डॉक्टर आल्या होत्या. नेहमीसारख्या पाच मिनिटं उशिरा, नेहमीसारख्या धावत. आज मात्र दाराच्या कडीत त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा अडकला होता आणि अर्धा फाटून लोंबत होता. खिशातलं भिंग, तीन रंगीत खडू आणि एक अर्धवट खाल्लेलं बिस्कीट भर दवाखान्यात जमिनीवर पडलं होतं.

"झाली सुरुवात," औषधांच्या खिडकीतून सिस्टर म्हणाल्या. त्या या दवाखान्यात तीस वर्षं होत्या आणि आता कशाचंच आश्चर्य वाटायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

धाकटी डॉक्टर म्हणजे काही वयाने फार धाकटी नव्हती, चांगली एकोणतीस वर्षांची होती. पण दवाखान्यात आधीपासून एक मोठे डॉक्टर होते, त्यामुळे तिला धाकटं होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे खास दिवस. त्या दिवशी कातडीच्या तक्रारींची पोरं यायची: घामोळं, इसब, नायटे, चामखिळी, पित्ताच्या गांधी. अशा पोरांना बोलतं करण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. पण फाटक्या खिशाचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती तो लोंबता खिसा हाताने दाबून उभी राहिली.

"हलू नका हं."

कोपऱ्यातल्या बाकावरून एक उंच, सडपातळ माणूस उठून आला. त्याने आपल्या कॉलरच्या आतून सुई काढली. सुईत दोरा ओवलेलाच होता, तोही पांढरा.

"तुम्ही कॉलरमध्ये सुई घेऊन फिरता?" तिने विचारलं.

"तुम्ही खिशात बिस्कीट घेऊन फिरता. मी काही म्हणालो?"

बाकांवर खसखस पिकली. ती लाल झाली.

तो तिच्यापासून वीतभर अंतरावर उभा राहून टाके घालू लागला. त्याच्या अंगाला गरम इस्त्रीचा वास येत होता. तिने त्याच्या पापण्या पाहिल्या, हनुवटीला लागलेला खडूचा ठिपका पाहिला, टाका ओढताना दुमडला जाणारा ओठ पाहिला. समोरच्या माणसाची कातडी बघणं हा जिचा धंदा, तिने त्या दिवशी नेमकी त्याची बोटं सोडून सगळं काही पाहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिने बराच गोंधळ घातला.

"झालं." त्याने दोरा दाताने तोडला. "बाकी कोट फाटला तरी हा खिसा फाटणार नाही. मी टेलर आहे. कोपऱ्यावरचं दुकान. आणि ही माझी भाची."

त्याच्या मागून सहा वर्षांची एक पोरगी डोकावली. तिला सगळे मुंगी म्हणत. तिची आई, म्हणजे टेलरची थोरली बहीण, चार महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी बाहेरगावी गेली होती, आणि तोवर मुंगीचं खाणंपिणं, वेण्या, अभ्यास असं सगळं मामाच्या गळ्यात पडलं होतं. मामाला ते आवडतही होतं. आता त्यात खाजेची भर पडली होती.

तपासायची डॉक्टरची एक पद्धत होती. प्रत्येक मुलाला ती एक कागद द्यायची. त्यावर माणसाची नुसती बाह्यरेषा. "जिथे जिथे खाजतं तिथे लाल रंग दे," म्हणायची. मुलं तोंडाने सांगत नाहीत ते रंगवून दाखवतात, असा तिचा अनुभव. मग ती कातडी बघायची, आणि मग प्रश्न. शेवटचा प्रश्न ठरलेला. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाकी काहीही विसर, पण घरात आणखी कुणाला खाजतंय का, हे विचारायला विसरू नकोस."

मुंगीने जीभ बाहेर काढून मन लावून रंगवलं. कोपराच्या आत, मनगटांवर, बेंबीभोवती, बोटांच्या बेचक्यांत. रंग रेघेबाहेर गेला, आणि तेवढ्यावर न थांबता तिने शेजारी आणखी एक उंच माणूस काढून त्याच्याही बोटांत लाल ठिपके भरले.

"हा कोण?"

"मामा."

"मामावर फार माया दिसते," डॉक्टर हसून म्हणाली आणि कागद फायलीत ठेवला.

जुन्या फायलीत होतं: तान्ही असताना इसब. आताही कोपराच्या आत कातडी कोरडी, लालसर. तिचं निदान झालंसुद्धा.

"हे बघा, इसबच आहे पुन्हा. आंघोळ कोमट पाण्याने. अंग ओलसर असतानाच हे साधं मलम भरपूर चोपडायचं. आणि हे दुसरं औषधाचं, ते मोजून. तुमच्या बोटाच्या एका पेराएवढं. तेवढं तुमच्या दोन तळव्यांइतक्या जागेला पुरतं."

"पेर?" त्याचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हीपण आमच्यासारखंच मापता की. वीत, बोट, पेर…"

"आम्ही उधार आणलंय तुमच्याकडून."

"मग परत कधी करणार?"

ती हसली. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि त्या हसण्याच्या भरात तिने पुढच्या पोराला आत बोलावलं. शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला तो राहिलाच.

*

पुढच्या शुक्रवारी मुंगी आली ती फ्रॉक उलटा घालून. सगळी शिलाई बाहेर.

"चुकून नाही," टेलर घाईने म्हणाला. "शिलाई आतून टोचते म्हणून मी तिचे सगळे कपडे असेच शिवले. मानेमागची लेबलंही काढली. तुमच्या बाकावरच्या बाकी पोरांनाही शिवून देईन. हवं तर."

मलमाने खाज थोडी कमी झाली होती. डॉक्टर खूश झाली. पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. टेलर आज दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा होता. बोलताना खिशात, हसताना खिशात. फाईल घेण्यापुरता एक हात बाहेर आला आणि लगेच आत गेला. मागच्या खेपेला वीतभर अंतरावर उभा राहणारा माणूस आज टेबलापासून चार पावलं लांब होता. आपण काही जास्त हसलो का त्या दिवशी, असं तिच्या मनात आलं आणि ती उगाचच कागद नीट लावू लागली.

"शाळेत काय चाललंय?" तिने मुंगीला विचारलं.

"नाच बसवतायत. सगळे हात धरून गोल करतात. मी झाड आहे."

"झाड?"

"मधे उभं राहायचं. झाडाचा हात धरावा लागत नाही ना." मुंगी अगदी सहज म्हणाली. "माझा हात कुणी धरत नाही. सगळे म्हणतात लागेल."

टेलर खिडकीबाहेर बघत होता. डॉक्टरला इतका राग आला की तिने कागद ओढला, ‘हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. हिचा हात खुशाल धरावा,’ असं ठळक अक्षरांत लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

"शाळा कधी भरते?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः वर्गात उभी होती. बावीस मुलं, एक बाई, आणि मागे दाराशी, खिशात हात घालून, टेलर. तिने मुंगीचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने फळ्यावर चित्रं काढत एका उंदराची लांबलचक गोष्ट सांगितली. अर्धा तास तिने तो हात सोडला नाही. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "पाहिलंत? मला काही झालं? मी डॉक्टर आहे. मी सांगते, काही होत नाही."

मुलांना ते एकदम पटलं. बाईंनाही पटलं. डॉक्टरांनी जिचा हात धरला तिच्या शेजारी उभं राहायला आता भांडणं लागली, तेव्हा बाईंनी नियम केला: मुंगीच्या शेजारी रोज दोन नवे शेजारी. झाड म्हणून कोपऱ्यातली कुंडी आणून ठेवली.

शाळेतून परत येताना दोघं बरोबर चालली. रस्त्यावर कोवळं ऊन होतं आणि दुकानांची दारं नुकती उघडत होती.

"तुम्हाला माहीत नाही तुम्ही आज काय केलंत," तो म्हणाला. "काल पोरगी झोपेत म्हणत होती, मी झाड नाही, मी झाड नाही… ताईला फोनवर काय सांगू, मला कळत नव्हतं."

"मी फक्त खरं ते सांगितलं."

"उंदराने हत्तीला पाठीवर घेतलं, हेही खरं?"

"ते वैद्यकीय सत्य आहे."

"मग आमच्या दुकानात या एकदा. तुम्हाला शिंप्याचं सत्य सांगतो. उद्या देतो, उद्या नक्की देतो…"

ती इतकी हसली की समोरच्या दुकानदाराने मान वर केली. कोपरा आला. दोघं थांबली. निरोप घ्यायचा म्हणून तिने हात पुढे केला. सहजच. निदान सहज वाटावा असाच.

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. त्याच्या खिशातल्या मुठी हलल्या. मग त्याने नुसती मान झुकवली, "येतो, डॉक्टर," म्हणाला आणि भराभर चालू लागला.

तिचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो हात घड्याळ बघण्यासाठीच वर केला होता असं दाखवलं. पण त्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

*

पुढचे तीन आठवडे तिने स्वतःला कामात बुडवून घेतलं. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, तो टेलर बरा आहे हो." ती म्हणाली, "कोण टेलर?" सिस्टर म्हणाल्या, "ज्याने शिवलेल्या खिशात तुम्ही सारखा हात घालून उभ्या असता, तो." तिने हात खिशातून बाहेर काढला.

तपासणीच्या टेबलासमोरचा पडदा आखूड झाला होता. मोठ्या डॉक्टरांनी टेलरला बोलावलं. मंगळवारी सकाळी, दवाखाना उघडण्याआधी, तो मुंगीला घेऊन माप घ्यायला आला. हातमोजे घालून तो स्टुलावर चढला आणि म्हणाला, "टेपचं खालचं टोक जरा धराल?"

"माप घ्यायला हातमोजे कशाला?"

"असेच… थंडी आहे."

थंडी मुळीच नव्हती. त्याने टेप वर नेला, बाही कोपरापर्यंत घसरली, आणि तिने त्याचं मनगट पाहिलं. तिथे बारीक पुरळ होतं. आणि पुरळाच्या मधे, पेन्सिलने काढावी तशी, एक नागमोडी रेघ.

तिने टेपचं टोक सोडून दिलं.

"खाली उतरा."

"अजून माप…"

"टेलर, खाली उतरा. मोजे काढा. हात दाखवा."

तो उतरला. मोजे काढायला त्याला फार वेळ लागला. इतके दिवस जो हात हातात यावा असं तिला वाटत होतं तो शेवटी आला. पण आता रबरी मोजे तिच्या हातात होते, आणि मधे भिंग होतं. बोटांच्या बेचक्यांत तशाच रेघा होत्या. शंकेला जागाच नव्हती.

"किती दिवस?"

"दीड-दोन महिने. मावसभाऊ पोरांना घेऊन आठ दिवस राहून गेला, त्यानंतर… मला वाटलं, कापडाच्या रंगामुळे असेल."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," तो हळूच म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "आणि… ज्या बाईसमोर हात पुढे करावासा वाटतो, तिलाच खाजरा हात दाखवायचा? मला लाज वाटली."

दुसरा कुठला दिवस असता तर या वाक्याने ती हवेत तरंगली असती. आज तिने धावत जाऊन मुंगीची फाईल काढली. पहिल्या दिवसाचा कागद. कोपर, मनगटं, बेंबी, बोटांच्या बेचक्या. रंग रेघेबाहेर गेला असला तरी पोरीने अगदी नेमका नकाशा काढून दिला होता. आणि शेजारी मामा, त्याच्या बोटांतही लाल ठिपके. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोरीने रंगवून हातात ठेवलं होतं, आणि तिने हसून ते फायलीत घातलं होतं.

"इसब नाही," ती खुर्चीत बसत म्हणाली. "असलंच तर थोडंसं. ही खरूज आहे. कातडीत शिरणारा बारीक किडा. आणि ही… ही हात धरल्याने लागते. मी सही करून दिलं, लागत नाही म्हणून. शिक्का मारून!"

मुंगी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे मी परत झाड?" तिने विचारलं.

डॉक्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपलं नाव खराब होईल, आयाबाया बोलतील, मोठे डॉक्टर काय म्हणतील, हे सगळं त्या एका प्रश्नापुढे मागे पडलं. तिला फक्त एवढंच कळलं की या पोरीला आपण शब्द दिलाय, आणि तो आता कसाही करून खरा करायचाय.

"नाही," ती म्हणाली. "तू झाड नाहीस. मला एक दिवस दे."

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला. मग म्हणाले, "चूक माझ्याकडूनही झालीय अशी. दोनदा. लपवली असती तर चार वेळा झाली असती. जा, शाळेत जाऊन सांग. मलमाच्या ट्यूबा मी मागवतो."

*

या वेळी वर्गात मुलांचे आईवडीलही होते. ती फळ्यासमोर उभी राहिली. मागच्या वेळी दाराशी खिशात हात घालून उभा असलेला माणूस आज तिच्या शेजारी उभा होता, दोन्ही हात उघडे, बाह्या दुमडलेल्या.

"मागच्या वेळी मी इथे येऊन चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "चूक माझी. मुंगीची नाही. हा किडा कुणाच्याही घरी जातो. श्रीमंताच्या, गरिबाच्या, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्याच्याही. त्याला घालवणं सोपं आहे. पण अट एकच, ज्यांनी ज्यांनी एकमेकांचा हात बराच वेळ धरलाय, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत. आठवड्याने परत एकदा. मीही लावणार आहे."

"आणि मीपण," टेलर म्हणाला. "मला दोन महिने खाजत होतं आणि मी खिशात हात लपवून फिरलो. लपवल्याने ते वाढलं फक्त. माझं दुकान आठवडाभर बंद आहे. तुमचे जे कपडे माझ्याकडे आहेत ते पिशव्यांत बांधून ठेवलेत, नंतर कडक इस्त्री करून देईन. उद्या नाही. पुढच्या मंगळवारी. या वेळी खरंच."

एक आजोबा हसले. मग सगळेच हसले. एका मुलाच्या आई कुरकुरल्या, "आधी नीट बघायला काय झालं होतं?" आणि डॉक्टर म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

मग तिने फॉर्म वाटले. दोन रकाने: ‘कुणाचा हात धरला’ आणि ‘किती वेळ’. "क्षणभर धरलेला हात मोजायचा नाही," तिने समजावलं. "किड्याला चालायला वेळ लागतो. पंधरा मिनिटं तरी."

मुलांना तो खेळच वाटला. पेन्सिली सरसावल्या, बोटं मोजली गेली. "माझे चार!" "माझे सहा!" मुंगी मात्र कागद पोटाशी धरून कोपऱ्यात लिहीत बसली होती. बाईंनी हळूच जाऊन पाहिलं आणि एकदम मोठ्याने वाचलं, "एकोणीस."

नाचाच्या तालमीला रोज दोन नवे शेजारी, असे नऊ दिवस. शिवाय मोठ्या अक्षरांत सगळ्यांत वर: डॉक्टरताई, अर्धा तास. अख्ख्या वर्गात इतकी लांब यादी कुणाचीच नव्हती.

"एकोणीस!" मागच्या बाकावरचा एक पोरगा हेव्याने म्हणाला. "हिची मज्जा आहे."

मुंगीने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. ती इतकी फुलली होती की तिचा मामा खडूची धूळ डोळ्यांत गेल्याचं सांगत बाहेर निघून गेला.

दुपारी दवाखान्यात ती फॉर्म लावत बसली. मोठ्यांचेही होते. टेलरचा फॉर्म शेवटी आला. मुंगी, रोज. मावसभाऊ, त्याची दोन मुलं. आणि सगळ्यांत खाली, शिलाईसारख्या बारीक, सरळ अक्षरांत:

धाकट्या डॉक्टर. आणि ‘किती वेळ’च्या रकान्यात: अजून धरला नाही. धरायचा आहे.

ती ओळ तिने पाच वेळा वाचली. सहाव्यांदा वाचताना मागून आवाज आला, "अपुरा फॉर्म आहे वाटतं?" सिस्टरांना कशाचं आश्चर्य वाटत नसे, पण रस सगळ्यात होता.

"हो," ती म्हणाली, आणि तो एक फॉर्म फायलीत न लावता कोटाच्या खिशात ठेवला. न फाटणाऱ्या.

*

मलम दोनदा लागलं. खाज उतरायला आणखी काही आठवडे गेले. ते आधीच सांगितलेलं असल्यामुळे कुणी घाबरलं नाही. शाळेचा कार्यक्रम थोडा पुढे ढकलला गेला, पण झाला. गोल झाला, मधे कुंडी होती, आणि मुंगीचे दोन्ही हात दोघींनी गच्च धरले होते. पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. ट्रेनिंग संपवून ती आदल्या दिवशीच आली होती. ती एक डोळा लेकीवर आणि एक डोळा भावावर ठेवून होती, कारण भाऊ नाच सोडून भलतीकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी धाकट्या डॉक्टरने दोन फायली मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. मुंगीची आणि तिच्या मामाची.

"या दोघांना यापुढे तुम्ही बघा."

"का गं?"

"मला त्या घरी जायचंय. म्हणजे… डॉक्टर म्हणून नाही."

मोठ्या डॉक्टरांनी फायलींवर सही केली. "दोघांची कातडी अगदी स्वच्छ आहे, असं मी आजच लिहून टाकतो," ते म्हणाले. "जा आता. आणि आज तरी उशीर करू नकोस."

टेलरच्या दुकानात इस्त्रीची वाफ भरली होती. मुंगी स्टुलावर बसून बटणं रंगांप्रमाणे लावत होती. तो काउंटरमागे उभा होता. तिला बघून त्याचे हात आपोआप खिशाकडे निघाले, मग अर्ध्या वाटेवर थांबले.

"कोट… पुन्हा फाटला?"

"नाही. एक फॉर्म राहिलाय." तिने घडी उलगडून कागद काउंटरवर ठेवला. "अपुरा आहे. असा आमच्याकडे चालत नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी तो… त्या दिवशी भावनेच्या भरात…"

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

"नाही!" तो इतक्या जोरात म्हणाला की मुंगीच्या हातातली बटणं सांडली. मग हळू म्हणाला, "पहिल्या दिवसापासून खरं आहे. तुमचा खिसा शिवायला सहा टाके पुरले असते, डॉक्टर. मी चौदा घातले."

तिने काउंटरवर हात ठेवला. तळवा वर. रबरी मोजा नाही, भिंग नाही.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "इतके, की तुमच्यामुळे मी माझा एकुलता एक नेमाचा प्रश्न विसरले. यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. आणि या वेळी मान झुकवली नाही. सुईने खरखरीत झालेली त्याची बोटं तिच्या बोटांत आली, नीट बसली, मापाने कापल्यासारखी.

"मुंगे," तो भाचीकडे न बघता म्हणाला, "घड्याळ बघ. पंधरा मिनिटं मोजायची."

मुंगीने काम मनावर घेतलं. एक गृहस्थ पँट न्यायला आले, तर तिने त्यांना दारातच अडवलं. "थांबा. अजून नऊ मिनिटं आहेत." ते बिचारे बाहेरच्या पायरीवर बसून राहिले.

"पंधरा झाली," शेवटी ती ओरडली.

कुणीच हात सोडला नाही. डॉक्टरने मोकळ्या हाताने टेलरच्या कानामागची पेन्सिल काढली, फॉर्मवरची शेवटची ओळ खोडली, आणि ‘किती वेळ’च्या रकान्यात डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: चालू आहे.